‘त्या रात्रीपासून हे गाडीला हात लावत नाहीत’

पत्र :

ताई नमस्कार. आम्ही सांगलीचे. दिवाळीच्या सुट्टीत मी, माझे मिस्टर आणि ७ वर्षांची लेक असे तिघं स्वतःच्या गाडीने उत्तरेकडे फिरायला गेलो होतो, ११ दिवसांचा प्लॅन, यांनी दोन महिने आधीपासून सगळा रूट काढून ठेवला होता. चौथ्या दिवशी, तिसरं राज्य लागल्यावर, रात्री साडेदहाच्या सुमाराला हायवेवर बॅरिकेड लावून पोलीस उभे होते, त्यांनी एमएच पासिंग बघितलं आणि टॉर्च मारून गाडी बाजूला घ्यायला लावली. लेक माझ्या मांडीवर पुढच्या सीटवर झोपली होती. यांनी लायसन मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये दाखवलं, तो म्हणाला हे चालत नाही, ओरिजिनल काढ. हे म्हणाले चालतं, कायदा आहे, आणि तिथून आवाज चढत गेला. तेवढ्यात दुसऱ्याने खिडकीतून हात घालून चावीच काढली आणि यांनी त्याचं मनगट धरलं. मग चौघं गाडीभोवती, यांना खाली उतरवलं, गाडी जमा करतो, सरकारी माणसावर हात टाकला म्हणून आत घालतो, असं सगळं. गोंधळाने लेक जागी झाली आणि तिने पाहिलं ते हे, की बाबा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे आहेत. शेवटी ५ हजार मागितले, ३ हजारावर मिटलं, पावती नाही काही नाही.

पुढचे दिवस आम्ही नुसते पार पाडले. घरी आल्यावर रागात माझ्या तोंडून गेलं की तुम्ही तिथे शहाणपणा केला नसता तर काही झालं नसतं. तेव्हापासून हे कामापुरतं बोलतात, गाडी सोसायटीत उभी आहे, ऑफिसला बसने जातात. लेक चौकात ट्रॅफिक पोलीस दिसला की माझ्या ओढणीत तोंड लपवते. महिना झाला. चूक कुणाची होती? तक्रार करावी का? आणि घरात हे कसं सोडवू?
— एक आई, सांगली

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात एक वाक्य आहे जे तुम्ही घाईत लिहून पुढे निघून गेलात, की लेक माझ्या मांडीवर पुढच्या सीटवर झोपली होती. मला आधी तिथेच थांबायचंय, कारण मला वाटतं तुमच्या घरातली सगळी गाठ त्या वाक्यात आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली (१ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे) त्यात कलम १९४बी आलं, आणि त्यात स्पष्ट आहे की १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय गाडीत असेल तर १,००० रुपये दंड. म्हणजे त्या रात्री दंड व्हायलाच हवा होता. तो दंड खरा ठरला असता, वाजवी ठरला असता, आणि मी पोलिसांच्या जागी असते तर मीही गाडी थांबवली असती. मांडीवर धरलेलं मूल ब्रेक लागल्यावर धरून ठेवता येत नाही हो, कितीही घट्ट पकडलं तरी, आणि पुढची एअरबॅग उघडली तर ती आधी त्या लेकराच्या डोक्यावर आदळते आणि मागे आईची छाती असते. मला माहितीये की ती दमली होती, मागे एकटी झोपत नव्हती, तुम्ही मायेनं घेतलं असेल जवळ. पण ते तुम्ही घेतलं होतं. आणि आता पत्र परत वाचून बघा, तुमच्या मिस्टरांनी महिनाभरात एकदाही ‘तू तिला पुढे घेतलंस म्हणून’ असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही नक्की लिहिलं असतं. तुम्ही मात्र शहाणपणा म्हणालात.

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाहीये. पण तुम्ही विचारलंत घरात कसं सोडवू, तर मला तरी सुरुवात इथूनच दिसते.

आता त्या लोकांनी काय चुकवलं ते पण बघू, कारण तुमच्या मिस्टरांना ‘मी चुकीचं बोललोच नव्हतो’ ही सल आहे आणि ती बरोबर आहे. डिजिलॉकर आणि एमपरिवहन या दोन्ही ॲपमधलं लायसन आणि आरसी कागदाइतकंच ग्राह्य आहे, केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्येच सगळ्या राज्यांना तसं कळवलं आणि नंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३९ नंबरच्या नियमात ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ असे शब्द घातले. (फक्त एक, लायसनचा फोटो काढून गॅलरीत ठेवलेला असतो ना, तो यात धरत नाहीत, ॲपमधलंच दाखवावं लागतं. बरेच लोक तिथे फसतात.) त्याच नियमात हेही आहे की एखादा कागद जवळ नसेल तर १५ दिवसांत तो सादर करता येतो. चावी काढून घ्यायची तर मोटार वाहन कायद्यात कुठेच तरतूद नाही. गाडी जमा करायचं कलम २०७ आहे, पण ते लायसन नसताना, रजिस्ट्रेशन नसताना, परमिट नसताना वगैरे, मूल बेल्टशिवाय होतं म्हणून गाडी जमा होत नाही. ती नुसती भीती होती. आणि दंड १,००० चा असताना, काही राज्यांत तर त्याहून कमी घेतात, ३,००० रोख, विनापावती, हा दंडच नव्हता. त्याला काय म्हणतात ते तुम्हालाही माहीत आहे.

राज्याचं नाव तुम्ही लिहिलंय, ते मी मुद्दाम इथे छापत नाहीये. चार जणांनी केलेलं सगळ्यांच्या माथी नको, आणि आपल्या नाक्यांवर परराज्यातल्या गाड्यांचं काय होतं तेही मी ऐकून आहे.

म्हणजे तुमचे मिस्टर कायद्याने बरोबर होते. मनगट धरेपर्यंत. तिथे मात्र, ताई, वाचताना माझा श्वास अडकला. आपल्याकडे सगळे ज्याला ‘तीनशे त्रेपन्न’ म्हणतात ते कलम, सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवण्यासाठी बळाचा वापर, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते १३२ झालंय, दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आणि अजामीनपात्र. चावी काढणारा चुकीचा होता, मान्य, पण रात्री साडेदहाला, अनोळखी जिल्ह्यात, चार वर्दीवाले आणि साक्षीदार म्हणून फक्त तुम्ही आणि झोपलेलं पोर, तिथे कागदावर काय लिहिलं गेलं असतं याचा विचार करा. दुसऱ्या दिवशी तिथलं कोर्ट, ओळखीचा वकील नाही, तुम्ही लेकीला घेऊन कुठल्यातरी लॉजवर. हे सगळं एका सेकंदाच्या त्या पकडीवर टांगलेलं होतं.

आणि ते त्यांना कळलं. म्हणूनच त्यांनी हात जोडले.

माझा थोरला भाऊ २२ वर्षं टेम्पो चालवतोय, तासगावकडची द्राक्षं घेऊन कधी बेंगळुरू कधी सुरत, सीझनमध्ये आठवड्यातून तीन नाके तरी त्याला थांबवतातच. मी त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं (नाव गाव काही न सांगता). तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, हात जोडले ना, मग तो माणूस हुशार आहे, लेकराला घरी घेऊन आला. भावाने स्वतः काय काय सोसलंय ते तो घरात सांगत नाही, पण वहिनीला माहीत असतं, तो अशा ट्रिपवरून आला की जेवायच्या आधी अंघोळीला जातो आणि तासभर बाहेर येत नाही. तुमचे मिस्टर गाडी सोडून बसने जातायत ना, ते मला त्या बंद बाथरूमसारखं वाटतं. त्यांना पोलिसांची भीती बसली असेल थोडी, पण मोठी गोष्ट ही आहे की लेकीने पाहिलं. ज्या माणसाने दोन महिने बसून एकेक मुक्काम ठरवला, कुठे पेट्रोल भरायचं, कुठे जेवायचं, लेकीला काय काय दाखवायचं, तो तिच्यासमोर तसा उभा राहिला. आणि घरी आल्यावर बायकोने सांगितलं की तुझ्यामुळेच झालं.

तर आधी हे करा. लेक झोपल्यावर, टीव्ही बंद करून, त्यांच्यासमोर बसा आणि सांगा की मी तिला पुढे घेतलं होतं, खरा दंड व्हायचा तर तो माझ्यामुळे झाला असता, तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाहीत आणि मी मात्र नको ते बोलले. त्याला ‘पण’ जोडू नका. ‘पण तुम्ही पण हात धरायला नको होता’ हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहितीये, रोज रात्री ते मनगट त्यांच्या हातात परत येत असणार. मग दुसरी गोष्ट सांगा, की तुम्ही हात जोडलेत म्हणून आम्ही त्या रात्री हॉटेलवर पोचलो. ते लगेच मोकळे होतील असं मी म्हणत नाही. कदाचित उठून गॅलरीत जातील. जाऊ द्या, मागे जाऊ नका. चार दिवसांनी ते स्वतः त्या रात्रीबद्दल काहीतरी बोलतील, तेव्हा मधे न बोलता ऐकून घ्या, सगळं, पहिल्यापासून, तुम्ही तिथेच होतात तरी. महिना-दोन महिन्यांत झोप, जेवण, काम यावर परिणाम दिसत राहिला तर मात्र डॉक्टरांकडे जायला लाजू नका, यात कमीपणा काही नाही.

लेकीचं. सात वर्षांच्या पोराला वाटतं की बाबा हात जोडतायत म्हणजे बाबांनी काहीतरी फार वाईट केलंय, किंवा पोलीस बाबांना नेणार आहेत. यातलं नेमकं काय तिच्या डोक्यात आहे ते तिलाच विचारा, तुम्ही अंदाजाने समजूत घालू नका. आणि खरं सांगा तिला, तिच्या भाषेत, की तू बेल्ट न लावता पुढे बसली होतीस ती आपली चूक होती, आईची, त्याचे पैसे भरावे लागतात, पण त्या काकांनी ओरडून, चावी घेऊन, जास्त पैसे घेतले ती त्यांची चूक होती, आणि बाबा शांत राहिले म्हणून आपण घरी आलो. हे बाबांच्या समोर सांगा. त्यांनाही ते ऐकू येऊ द्या. आणि घरात कुणी, आजी असेल मावशी असेल, ‘जेव नाहीतर पोलीस पकडून नेईल’ असं म्हणत असेल तर ते आजपासून बंद. आपण सगळे हेच ऐकत मोठे झालो, मीही माझ्या मुलाला म्हटलंय आणि मला आज त्याचा पश्चात्ताप आहे, कारण मूल हरवलं तर ते ज्याच्याकडे धावत जायला हवं त्याचीच भीती आपण भरवून ठेवतो. २ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा रेझिंग डे, म्हणजे वर्धापन दिन असतो, त्या आठवड्यात बऱ्याच ठाण्यांत शाळेच्या मुलांना बोलावतात, वॉकीटॉकी दाखवतात, गाडीत बसवतात. तिच्या शाळेचं काही ठरलंय का विचारा, नसेल तर तुम्ही दोघं तिला घेऊन जवळच्या ठाण्यात जा आणि तिथल्या एखाद्या महिला पोलीस ताईंना सांगा की हिला भीती वाटते, जरा बोलता का. तिची इच्छा असेल तरच हं, ओढत नेऊ नका.

आता तक्रार. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली बदल झाला आणि लाच देणं हाही सरळ गुन्हा ठरला, पण ज्याला जबरदस्तीने द्यावी लागली त्याच्यासाठी सूट ठेवली आहे, अट अशी की दिल्यापासून ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायला हवं. सात दिवस. तुमचा महिना होऊन गेलाय. म्हणून मी तुम्हाला आज सरळ ‘जा आणि तक्रार ठोका’ असं म्हणणार नाही, आधी एखाद्या फौजदारी वकिलाला भेटा, सगळं खरं सांगा, मनगटाचंही सांगा, आणि तो म्हणेल तसं लिहा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, सांगलीच्या जिल्हा न्यायालयात ते ऑफिस आहे, तिथे महिलांना मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट महिलांना लागत नाही. बाकीच्या वाचकांनी मात्र हा सातचा आकडा लक्षात ठेवा, ट्रिप अर्धी राहिली असेल तरी वाटेतूनच कळवा, महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे, इतर काही राज्यांतही हाच आहे.

वकिलाकडे जायच्या आधी दोन गोष्टी करून ठेवा. परिवहन खात्याच्या ई-चलनच्या साइटवर तुमच्या गाडीचा नंबर टाकून त्या तारखेचं काही चलन दिसतंय का बघा. दिसलं तर वेगळा विषय, नाही दिसलं तर ते पैसे सरकारात गेले नसावेत याला तुमच्याकडे एक आधार झाला, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, त्या रात्रीचं आठवतं तेवढं कागदावर लिहा, वेळ, आधीचा टोलनाका कुठला गेला होता (फास्टॅगच्या मेसेजमध्ये वेळ सापडेल), त्यांच्या गाडीचा नंबर किंवा छातीवरचं नाव काही दिसलं होतं का, पैसे दिले त्याच्या आधी एटीएममधून काढले होते का. माझा भाऊ हे सगळं स्टेअरिंगजवळच्या एका छोट्या डायरीत लिहितो, नाक्यावरून सुटला की पुढच्या ढाब्यावर थांबून लगेच. त्या डायरीमुळे एकदा त्याचं एक प्रकरण सुटलंय, ते कुठलं ते इथे नको.

तुम्ही वकिलाकडे जाऊन शेवटी ठरवलंत की तक्रार नको, तर तेही चालेल. मी तुम्हाला त्यासाठी भित्रं म्हणणार नाही. फक्त ते दोघांनी मिळून ठरवा, त्यांनी गप्प राहून आणि तुम्ही चिडून आपोआप ठरलं असं होऊ देऊ नका.

आणि परत गाडी काढाल तेव्हाचं. काढालच, मला खात्री आहे, ज्याला असा रूट आखता येतो तो माणूस बसने किती दिवस जाईल. हे भावाकडून ऐकलेलं, तो जसं बोलला तसंच देते. बॅरिकेड दिसलं की लांबूनच स्पीड कमी, आतली लाइट लावायची म्हणजे त्याला दिसतं आत कोण आहे, बाया-पोरं आहेत, कुणी काही लपवत नाहीये. अंधारात तोही घाबरलेला असतो हे लक्षात ठेवायचं, गाडीत कोण निघेल त्याला काय माहीत. इंजिन बंद करायचं आणि चावी आपणच काढून खिशात टाकायची, मग काढून घ्यायला काही उरतच नाही. काच अर्धी खाली, दोन्ही हात दिसतील असे, आणि पहिला शब्द आपला, ‘नमस्कार साहेब’. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी ॲपमध्ये आधीच उघडून ठेवायचं, शिवाय कागदाची एक फाइल असतेच, प्लास्टिकची, ती मागितली तरच काढायची. चूक असेल तर लगेच कबूल, ‘हो साहेब चुकलं, चलन करा, ऑनलाइन भरतो’. हे वाक्य फार कामाचं आहे असं तो म्हणतो, कारण ज्याला खिशात घालायचे असतात त्याला चलन करायचं नसतं, आणि ज्याला चलन करायचंय तो तीन मिनिटांत मशीनवर करून मोकळा होतो. डॅशकॅम चालू असला तर बरंच, आतला आवाजही रेकॉर्ड होतो, त्यामुळे मोबाईल तोंडासमोर धरावा लागत नाही. रस्त्यावर पोलिसांचा व्हिडिओ काढायला कायद्याने बंदी नाहीये, पण अंगावर मोबाईल रोखला की माणूस बिथरतो, वर्दीतला असो नाहीतर साधा. आणि खरंच पोलीस आहेत का अशी शंका आली तर दारं लॉक, काच चार बोटं खाली, आणि ११२ ला फोन करून विचारायचं की अमुक ठिकाणी तुमची नाकाबंदी आहे का.

आवाज चढायला लागला की बोलणारा बदलायचा, हे माझं स्वतःचं त्यात घातलेलं. यांचा पारा चढतोय असं दिसलं की तुम्ही बोला, ‘दादा, लेकरू मागे झोपलंय, काय चलन असेल ते करा’. त्या रात्री तुम्ही काय करत होतात ते पत्रात नाही, बहुतेक लेकीला धरून थिजला असाल, मीही थिजलेच असते. पण पुढच्या वेळी तुमच्या दोघांत हे आधी ठरलेलं असलं तर यांना एकट्याला लढावं लागणार नाही.

पहिली ट्रिप लांबची नको. रविवारी सकाळी नरसोबाच्या वाडीला जाऊन या, तासाभराचा रस्ता, लेकीसाठी बूस्टर सीट घ्या आणि ती मागे बसवा, बेल्टची क्लिप तिला स्वतःला लावायला द्या. गाडी कोण चालवणार हे यांना विचारा. ते नको म्हणाले तर तुम्ही चालवा, तुम्हाला येत असेल तर, ते शेजारी बसतील. येताना कवठाची बर्फी आणा घरी, आणि ई-चलनच्या साइटवर काय दिसलं ते मला कळवा.